साठ डिग्री, अर्धा तास

"म्हणजे मेलेलं औषधसुद्धा सूज उतरवतंय?" शिरीषने विचारलं.

"ग्राफ तरी तसंच म्हणतोय," मी म्हटलं.

"मग जिवंत औषध आपण कशाला बनवतोय गं? नऊ वर्षं?"

शिरीष आमचा आर अँड डी हेड. एम.एस्सी.ला माझ्या बाकावर बसायचा आणि माझ्याच जर्नलमधून उतरवून काढायचा. चारचौघांत मी त्याला सर म्हणते. केबिनचं दार लागलं की तो शिऱ्या. त्या बुधवारी दार लागलेलं होतं आणि तरी माझ्या तोंडून शिऱ्या निघेना, इतकी मी हादरले होते.

आमची लॅब अंधेरी ईस्टला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली बिस्किटांच्या पुठ्ठ्यांचं गोडाऊन, वर आम्ही. सोमवारी वांद्र्याहून क्लायंटची माणसं येणार होती. त्यांच्या पैशांवर हे काम चाललेलं, आणि त्यांनी फक्त हा एक ग्राफ बघायला मागितला होता.

सूज म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पायात काटा गेला की पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि जंतूंवर एक जहाल रसायन फवारतात. ऑक्सिजनचंच ते बिघडलेलं रूप. जंतू मरतात, पण ते रसायन आपलं-परकं बघत नाही. शेजारच्या चांगल्या पेशीही भाजून काढतं. मग ती जागा लाल होते, ठणकते, फुगते. ही आग विझवायला शरीराची स्वतःची यंत्रणा असते, अँटिऑक्सिडंट एन्झाइम. एन्झाइम म्हणजे काम करणारं प्रोटीन. त्यातलं एक एसओडी. पूर्ण नाव सांगत नाही, आमच्याकडे इंटरव्ह्यूला येणाऱ्या निम्म्या लोकांची जीभ तिथेच अडखळते. गुडघ्याच्या जुनाट सुजेत ही यंत्रणा कमी पडते. तर ते एसओडी यीस्टमधून काढायचं, शुद्ध करायचं आणि सुजलेल्या जागी टोचायचं, एवढीच आमची आयडिया. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत मी अँटिऑक्सिडंटवर काम करते असं सांगितलं की बायका म्हणतात, "हो का? मी पण रोज आवळ्याचा रस घेते." मी आता हो म्हणून सोडून देते.

माणसाला टोचण्याआधी पांढऱ्या उंदरांवर बघावं लागतं. ते करायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. उंदराच्या एका पंजाला थोड्या तासांपुरती सूज आणतात, औषध देतात आणि पंजा किती फुगला ते मोजतात. आम्ही तीन गट केले. ए गटाला नुसतं सलाइन. बी गटाला एसओडी. आणि सी गटाला मेलेलं एसओडी.

मेलेलं कशाला? तर सुईतून नुसतं एन्झाइम जात नाही, त्याबरोबर बाकीही चार गोष्टी जातात. फायदा एन्झाइमच्या कामामुळे झाला की नुसतं काहीतरी टोचल्यामुळे, हे कळायला हवं. म्हणून तेच औषध उष्णता देऊन निकामी करायचं आणि तेही टोचून बघायचं. याला हीट-किल्ड कंट्रोल म्हणतात. ते चालता कामा नये. ते चाललं, तर तुमच्या औषधात औषध नाही.

आमचं चाललं. अगदी जिवंत औषधाइतकंच झकास चाललं.

"गावडेंनी पिंजरे मिक्स केले असणार," मी म्हटलं. कोणी विचारलंही नव्हतं.

गावडे म्हणजे आमच्या ॲनिमल हाउसचे, म्हणजे खालच्या मजल्यावर उंदीर ठेवतो त्या जागेचे, टेक्निशियन. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, राहायला मानखुर्दला. सव्वीस वर्षं नोकरी, उंदरांना 'पोरां' म्हणतात. महिनाअखेरीस त्यांची रिटायरमेंट होती आणि दोन वर्षांच्या एक्स्टेन्शनचं पत्र शिरीषच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं होतं. नवीन ॲनिमल हाउस बांधून होत आलं होतं. ते आपल्या हाताने लावून द्यायचं आणि मगच घरी बसायचं, असं गावडे वर्षभर सगळ्यांना सांगत होते. पिंजऱ्यांचे रॅक कुठे येणार याचा त्यांनी खडूने जमिनीवर नकाशासुद्धा काढून ठेवला होता.

मी तडक त्यांच्याकडे गेले. ते पाण्याच्या बाटल्या बदलत होते.

"गावडे, सी गटाला काय दिलंत?"

"सी."

"नक्की?"

"मॅडम, पिंजऱ्यावर सी, बाटलीवर सी, रजिस्टरमध्ये सी. आणखी काय देणार?"

"मग बी आणि सी सारखे कसे आले?"

"तां माका काय म्हायत? बीमध्ये काय आणि सीमध्ये काय, तुम्ही मला कधी सांगता?"

हे खरं होतं. टेक्निशियनला बाटलीत काय आहे ते सांगत नाहीत, नाहीतर मोजताना मन एका बाजूला झुकतं. पण खरं असलं म्हणून मी थांबते थोडीच!

"चुकून बीची बाटली दोन्हीकडे गेली असेल."

गावडेंनी फ्रीज उघडला, सीची बाटली काढली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. तळाला थेंबभर उरलेलं. "ही बघा. रिकामी आहे. मग यातलं औषध काय मी प्यायलो?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी लहानपणापासूनची खोड. "रिकामी करायला काय लागतं गावडे? सिंक आहे ना बाजूला."

वजनकाट्यापाशी दोघी जणी काम करत होत्या, त्यांचे हात थांबले. गावडेंनी बाटली जागेवर ठेवली, फ्रीजचं दार हळू लावलं आणि ते पुन्हा पाणी भरायला लागले. मी वर निघून आले. जिन्यात मला कळत होतं की मी एका माणसाला लबाड म्हटलंय. पण सोमवारचा विचार डोक्यात असला की बाकी सगळं नंतर बघू असं वाटतं.

शिरीष म्हणाला, "प्रयोग परत करायचा तर एथिक्स कमिटीला पत्र लागेल. ते विचारणार, पहिला का फुकट गेला? कळलं नाही असं लिहिलं तर एक उंदीर मिळणार नाही. कारण लिहावंच लागेल. टेक्निशियन एरर लिही."

"आणि त्यांचं एक्स्टेन्शन?"

"मेमो फाइलला लागला की एचआर सोडेल? नाही सोडणार. काय करू सांग. प्रोजेक्ट वाचवू की गावडेंना?"

मी इंग्रजीत मेमो टाइप केला. दुसऱ्या कोणाला सांगता आलं असतं, पण माझ्याच बोटांनी केला. तीन ओळी. कामात निष्काळजीपणा, गटांची अदलाबदल, भविष्यात काळजी घ्यावी. सव्वीस वर्षांच्या माणसाला भविष्यात काळजी घ्यावी!

गुरुवारी लंच टाइमला गावडे जेवणाचा डबा हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"नेग्लिजन्स म्हणजे निष्काळजीपणा ना?"

"हो."

"पेन द्या. करतो सही. तुमचं प्रोजेक्ट अडायला नको." पेन हातात घेऊन ते थांबले. "आता प्रयोग संपून बाटल्यांचा कोड उघडलाय ना? मग सांगा तरी, सीमध्ये होतं काय?"

"मेलेलं एन्झाइम."

"कोणी मारलं?"

"मीच. वॉटर बाथमध्ये."

"किती डिग्री?"

"साठ डिग्री, अर्धा तास."

गावडेंनी चष्मा काढला. "साठ?"

"हो, साठ. एन्झाइम नाजूक असतात गावडे, तुमच्या भुशासारखे नाहीत."

"मॅडम, साठ डिग्रीचा चहा तुम्ही थंड झाला म्हणून कॅन्टीनला परत पाठवता."

मी हसले. ते हसले नाहीत.

"आम्ही पिंजऱ्यात घालायचा भुसा ऑटोक्लेव्ह करतो," ते म्हणाले. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस आत बसेल एवढा मोठा प्रेशर कुकर. "एकशे एकवीस डिग्री. आणि मीटरवर एकशे एकवीस दिसलं तरी मी विश्वास ठेवत नाही. गाठोड्यावर पट्टी लावतो. आतून काळी होऊन आली तरच जंतू मेले म्हणायचं. नाहीतर परत आत." त्यांनी मेमोवर बोट ठेवलं. "तुमच्या बाटलेक पट्टी खंय आसा? तां मेलला ह्यां कोणी बघल्यान?"

"अहो, मेलेल्याची नाडी कोण बघतं?" मी म्हटलं.

म्हटलं, आणि ते शब्द माझ्याच कानाला विचित्र लागले. कोणी बघितली होती? जिवंत औषधाची प्रत्येक बॅच आम्ही तपासतो. मेलेल्याची एकदाही नव्हती तपासली. मारायचं ठरवलं, अर्धा तास गरम केलं, लेबल लावलं. संपलं.

"सही करू नका," मी म्हटलं. "चला माझ्याबरोबर."

तपासायची पद्धत सोपी आहे. पायरोगॅलॉल नावाची पांढरी पावडर असते. ती ठरावीक क्षार मिसळलेल्या पाण्यात घातली की हवा लागून पिवळी पडते, मग तपकिरी, जसं चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं. त्यात एसओडी घातलं की हे पिवळं पडणं रोखलं जातं. म्हणजे नळी पिवळी झाली तर एसओडी मेलेलं, तशीच राहिली तर जिवंत. सीच्या बाटलीत थेंबच उरला होता, पण प्रत्येक औषधाचा थोडा नमुना आम्ही वेगळा जपून ठेवतो, तो फ्रीजरमध्ये होता.

मी तीन नळ्या मांडल्या. गावडे स्टुलावर बसले, डबा मांडीवर तसाच. पहिल्या नळीत काहीच घातलं नाही. ती बघता बघता पिवळी झाली. दुसऱ्यात जिवंत एसओडी. ती पाण्यासारखी राहिली. तिसऱ्या नळीत मी माझ्या हाताने मारलेलं एसओडी घातलं आणि घड्याळ लावलं.

एक मिनिट. दोन मिनिटं. मी मनातल्या मनात त्या नळीला सांगत होते, हो गं बाई पिवळी, हो. तीन मिनिटं. पहिली नळी कोऱ्या चहासारखी झाली. तिसरी होती तशीच. पाणी ते पाणी.

"ह्यां तर जितां आसा," गावडे म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सी गटाच्या उंदरांनाही आम्ही चांगलं खणखणीत औषधच दिलं होतं. गावडेंनी बीला बी दिलं, सीला सी दिलं, पंजे बरोबर मोजले, रजिस्टर बरोबर भरलं. अख्ख्या प्रयोगात एकाच माणसाचं काम चुकलं होतं आणि त्या माणसाने काल दुसऱ्याला सिंक दाखवलं होतं.

पण खरी वाट पुढे लागली. मी आमची फाइल काढली. पान एकतीस: एन्झाइम मारण्याची पद्धत, साठ डिग्री, अर्धा तास. का कोण जाणे, मी मागे मागे चाळत गेले. पान चार: एन्झाइम शुद्ध करण्याची पद्धत. यीस्टचा अर्क अर्धा तास साठ डिग्रीवर ठेवावा. बाकीची प्रोटीन्स नासलेल्या दुधासारखी फाटून तळाला बसतात. एसओडी चिवट असल्यामुळे त्याला काही होत नाही.

एसओडी चिवट असल्यामुळे! दोन्ही पानं माझी. पान चारवर मी साठ डिग्रीला एसओडी वाचवत होते आणि पान एकतीसवर त्याच साठ डिग्रीला, तेवढाच वेळ, मारत होते. झालं होतं असं की त्याआधी आम्ही सुजेच्या गोळ्यांतल्या एका वेगळ्या एन्झाइमवर काम केलं होतं. ते खरंच साठला मान टाकायचं. त्या फाइलमधून मी हे पान उचललं, नाव बदललं आणि इथे चिकटवलं. मेलेलं औषध लागलंच ते या प्रयोगात पहिल्यांदा, त्यामुळे इतकी वर्षं ते पान कोणाला नडलं नव्हतं.

केबिनचं दार लावून घेतलं. "शिऱ्या," मी म्हटलं, "मी माती खाल्ली."

तो पान चार वाचून खो खो हसला. पान एकतीस वाचून टेबलावर हात आपटून हसला. "तू? जी बाकीच्यांच्या रिपोर्टमधल्या स्वल्पविरामांच्या चुका काढते, ती तू?"

"खालची सही वाच."

तयार करणार म्हणून माझी सही होती. तपासणार म्हणून शिरीषची. त्याचं हसू तिथेच थांबलं.

"ओके," तो म्हणाला. "कमिटीला असं लिहू. एसओपी अस्पष्ट होती."

एसओपी म्हणजे काम कसं करायचं त्याचा लेखी नियम. "अस्पष्ट?" मी म्हटलं. "अरे, साठ डिग्री, अर्धा तास. इतकं स्पष्ट मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही."

"मग काय, तुझं नाव घालू?"

"घाल. तपासणारा म्हणून तुझंही घाल. गावडेंचं घालायला आपल्याला दहा मिनिटं लागली नव्हती."

तो कुरकुरला, पण त्याने लिहिलं. मग टेबलावरचं एक्स्टेन्शनचं पत्र ओढलं आणि त्याच पेनाने सही करून टाकली. शिऱ्या तसा बरा माणूस आहे, फक्त त्याला आधी दोनदा चुकीचं सुचतं.

मी खाली गेले. वजनकाट्यापाशी त्याच दोघी होत्या, हे बघूनच गेले. जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच परत घ्यावं लागतं.

"गावडे, चूक माझी होती. तुमची काडीचीही नव्हती. आणि सिंकचं जे बोलले ते मी बोलायला नको होतं. माफ करा."

ते पाणीच भरत होते. "मेमोचं मला काय वाटलं नाय मॅडम. कागद येतात, जातात. पण सिंकचं लागलं. सव्वीस वर्षांत मी औषधाचा एक थेंब सिंकमध्ये टाकला नाय. उरलेलं पण औषधांच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात जातं."

मला भरून आलं. मी तिथेच, उंदरांच्या वासात, दोघींच्या समोर ओढणीने डोळे पुसले. गावडे गडबडले आणि मला बसायला भुशाचं पोतं पुढे केलं.

सोमवारी क्लायंटची माणसं आली. आम्ही सगळं जसं झालं तसं सांगितलं. मला वाटलं, आता फाइल बंद करून उठतील. त्यांची मुख्य बाई मात्र पुढे सरकून बसली. "साठ डिग्रीला अर्धा तास ठेवूनही तुमचं औषध चालतं? म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात टेम्पोतून गेलं तरी टिकेल?"

"ते पान चारवर आहेच," शिरीष अगदी शांतपणे म्हणाला. मी टेबलाखालून त्याला पाय मारला.

कमिटीने परवानगी दिली. या वेळी मी बाटली घेऊन गावडेंच्या ऑटोक्लेव्हपाशी गेले. एकशे एकवीस डिग्री. गावडेंनी बाटलीवर स्वतः पट्टी लावली. पट्टी काळी होऊन आली, तरी मी पायरोगॅलॉलची नळी केली. ती बघता बघता पिवळी झाली. कोणाच्या मरणाचा मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही. सीमध्ये काय ते आता गावडेंना माहीत होतं, म्हणून या वेळी पंजे वजनकाट्यावरच्या दोघींनी मोजले. प्रयोगात ए गटाचे पंजे फुगले, सी गटाचेही तसेच फुगले आणि बी गटाचे बरेच कमी. काम पुढच्या पायरीवर गेलं. औषध बाजारात येईल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक औषधं येत नाहीत. पण निदान आमच्या औषधात औषध आहे.

पान एकतीस मी नव्याने लिहिलं. त्यात एक रकाना वाढला: मेल्याची खात्री केली का, कोणी केली. तिथे सही गावडेंची असते. मारणाऱ्यानेच दाखला द्यायचा नाही, एवढं मला या प्रकरणात कळलं.

आणि हो, तो मेमो. मी तो कम्प्युटरवरून काढून टाकणार होते. गावडेंना कळलं तर म्हणाले, "काढू नका. एक प्रिंट द्या मला."

"कशाला?"

"असू दे."

मी सही करून दिली, नाही कशी म्हणणार? नवीन ॲनिमल हाउस त्यांनी खडूच्या नकाशाबरहुकूम लावलं. तिथल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने तो मेमो चिकटवलेला आहे. माझ्या सहीसकट. वर ऑटोक्लेव्हची काळी झालेली पट्टी लावून.

परवा एका गटाची वजनं चुकीची दिसली म्हणून मी तरातरा खाली गेले आणि दारातूनच आवाज चढवला. गावडे उठले, कपाटाचं दार उघडलं, ते तसंच उघडं ठेवलं आणि परत येऊन कामाला लागले. मी स्टूल ओढून बसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "गावडे, काय झालं ते जरा पहिल्यापासून सांगता का?"